शुक्रवारचा मासा, शनिवारी

शुक्रवारी रात्री माझ्या डाव्या हातावर चार ताटं असतात.
तळलेला पर्च, राय ब्रेडचा तुकडा, कोबीची कोशिंबीर,
बटाट्याचे घावन, शेजारी सफरचंदाचा गर.
वॉसॉ शहर संपतं तिथे, तळ्याकाठी, आमचं हॉटेल.
भिंतीवर भुसा भरलेला मस्की मासा,
त्याच्या दातांत कुणीतरी कधीकाळी अडकवलेली सिगारेट.
कागदगिरणीतून सुटलेली माणसं
ब्रँडी मागवतात, गोड, चेरी घालून,
आणि एकमेकांच्या गुडघ्यांची खुशाली विचारतात.

लव्हर्न झास्ट्रो खिडकीशी बसतो.
आर्लीन जाऊन तीन वर्षं झाली,
ऑर्डर अजून दोघांची.
एक ताट तो जेवतो, कुरकुरीत कडा आधी.
दुसरं समोर निवत राहतं.
मग म्हणतो, "कार्ला, एवढं बांधून दे."

आत रॉनी तेलावरची जाळी झटकत म्हणतो,
"म्हातारा अजून तिचं पान मांडतो."
आम्ही सगळे गप्प होतो.
मी रडलेही आहे एकदा, खोटं कशाला,
आणि रडताना टिप मोजली आहे:
दोन ताटांची, एका माणसाकडून.

शनिवारी मी गिऱ्हाईक.
नदीकाठच्या बाजारात टाचा घासत जाते,
सकाळी आठला, कालचं तेल अजून केसांत.
कणसं, बीट, मधाच्या बाटल्या,
चीजचे ताजे खडे, दातांखाली चुईचुई वाजणारे.
टोकाला यर थाओची व्हॅन.
शेपूच्या जुड्या, गवती चहा, आणि कारली,
मगरीच्या पिल्लांसारखी ओळीने झोपवलेली.
हिशेब ती बोटांवर दाखवते,
नात पा-न्या तो इंग्रजीत सांगते,
आणि आजीपेक्षा पन्नास सेंट जास्त लावते.

त्या शनिवारी सुटे पैसे नव्हते.
पा-न्या म्हणाली, मागे जा, आजीकडे पिशवी आहे.

मागे, व्हॅनच्या आडोशाला,
उलट्या क्रेटवर लव्हर्न.
मांडीवर आमचाच पांढरा डबा.
शेगडीवर पातेलं, त्यात गवती चहा, मिरची,
मूठभर शेपू,
आणि यर कात्रीने, हो, कात्रीने,
माझा कालचा पर्च कापून आत सोडत होती.

तो लाजला. शाळकरी पोरासारखा, कानापासून.
म्हणाला, "तळलेलं तिला सोसत नाही.
असं केलं की खाते."
मग जरा वेळाने, बूट बघत,
"मलाही असंच आवडायला लागलंय."

यरने माझ्याकडे पाहिलं, वाडगा भरला.
दोनच शब्द बोलली. पा-न्या पुढून ओरडली,
"भात खा म्हणतेय! नाही म्हणू नकोस, चालत नाही!"

मी बसले. बावीस वर्षांत
मला बसवून कुणी वाढलं नव्हतं,
दातांच्या दवाखान्याशेजारचं ते बर्गरचं दुकान सोडलं तर.
आंबट, तिखट, नाकातून पाणी.
माशाचं कवच मऊ पडून रश्शात ढगासारखं.
कारल्याची एक चकती आली, मी तोंड वाकडं केलं,
तेव्हा दोघं एकदम हसली.
त्या हसण्याला सराव होता.

सवयीने उठून मी वाडगे गोळा करू लागले.
यरने मनगटावर चापट मारली.
लव्हर्न म्हणाला, "माझंही पहिल्यांदा असंच झालं."

आता शुक्रवारी डबा मीच बांधते.
कोबी काढून टाकते, ब्रेडही.
मासा दोन तुकडे जास्त, लिंबाच्या चार फोडी,
झाकणाला भोक, वाफेने मऊ पडू नये म्हणून,
मग आठवतं, पडू दे की मऊ.
रॉनी मान हलवतो: "अजून तिचं पान?"

मी म्हणते, "हो. अजून."
आणि दार पाठीने ढकलते,
कारण हात भरलेले असतात.